भूतबंगल्यातलं पातळ

जळगाव,
९ नोव्हेंबर २०२५

चि. नूतन,

तुझं पाकीट परवा पोचलं. हातानं पत्ता घातलेलं पाकीट बघून सूनबाई म्हणाली, "आबा, तुम्हाला अजून कोण पत्र पाठवतं?" मी म्हटलं, धुळ्याची भाची आहे. म्हटलं खरं, आणि मग आतल्या खोलीत जाऊन बसलो. सदतीस वर्षांत तुला भाची म्हणायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

तू चारच ओळी लिहिल्यास. नमस्कार नाही, खुशाली नाही. "तुमचा व्हिडिओ पाहिला. बाहुलीला गावातल्या एका बाईचं पातळ नेसवलं होतं असं तुम्ही त्यात म्हणता. ते माझ्या आईचं होतं का? एवढंच कळवा."

सांगतो. पण आधी तो व्हिडिओ कसा झाला ते ऐक.

इथं माझ्या योगेंद्रच्या सोसायटीत आकाशकंदील उतरायच्या आत हॅलोविन आलं. लेकरांनी तोंडाला पावडर फासलेली, आयांनी लिपस्टिकनं त्यांच्या हनुवटीवर रक्त काढून दिलेलं. कोणी तरी खराखुरा लाल भोपळा आणून त्याला डोळे-दात कोरले. वॉचमन मला म्हणतो, "आबा, एवढ्याच्या घारग्या झाल्या असत्या." मग ती पोरं दारोदार खाऊ मागत फिरली. मला आपली गुलाबाई आठवली. तुम्ही पोरी महिनाभर घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या, आणि डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायच्या. तू कान लावून ऐकायचीस. लाडू असले तर घरंगळतात, चिवडा सळसळतो, असं तूच मला शिकवलं होतंस.

नात म्हणाली, "आबा, तुमच्या वेळचं काही घाबरवणारं सांगा ना." हातात माईक दिला. आणि माझं काय, माईक दिसला की जीभ सुटते. आपल्या हिरवखेड्याचा भूतबंगला मी सांगितला. अठ्ठ्याऐंशी साल, नवरात्र. धनसिंगचं केळीचं गोदाम मंडळानं घेतलं होतं. छताला वाळकी केळीची पानं टांगली, माणूस आत शिरला की ती खांद्याला घासायची. अंधारात ओली घायपाताची दोरी तोंडावरून जायची. माठात तोंड घालून कोल्ह्याचा आवाज मी टेपवर भरला होता. आणि शेवटी ती बाहुली. माझ्या शिलाई मशीनच्या पायडलला तार बांधली होती. मी पडद्यामागं बसून पायडल मारायचो, की बाहुली मान हलवायची आणि हात वर करायची. यावलहून लोक यायचे बघायला. एक कंडक्टर गाडी उभी करून आत शिरला आणि टोपी आत टाकून पळाला. सगळे हसले. मीही रंगात आलो.

मैफिलीत माणूस चार चमचे साखर जास्त घालतो, नूतन. पातळाचं तसंच समज. बाहुलीचं काम मंडळाच्या पोरांकडं होतं. त्यांनी काय नेसवलं, काय नाही, आता माझ्या ध्यानात नाही. वय शहात्तर झालं.

तुझी आई कशी आहे ते लिहिलं नाहीस. तिला माझा नमस्कार सांग. व्हिडिओ काढून टाकायला सांगितला आहे.

तुझा,
रतिलाल मामा


१८ नोव्हेंबर

चि. नूतन,

माझंच पत्र तू मला परत पाठवलंस. "आता माझ्या ध्यानात नाही" याच्याखाली लाल पेनाची रेघ. बालवाडीच्या बाईनं पोराची वही तपासावी तशी. मागच्या कोऱ्या बाजूवर तू आईचं लिहिलंस, ते मी चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं.

तुझ्या ज्योतीला मुलगी झाली, पाच महिन्यांची आहे, आणि तुझी आई भिकुबाई तिला घेत नाही. बाळ खोलीत आणलं की ती उठून मागच्या ओट्यावर जाऊन बसते. ज्योतीलाही तिनं लहानपणी मांडीवर घेतलं नाही. तुझी वेणी मावशीनं घातली, आईनं कधीच नाही. तू एकदा भांडून विचारलंस तेव्हा ती म्हणाली, "मी घरमा व्हतू, अन् बठ्ठा लोकेसनी माले तठे देखं. मंग ती कोण व्हती? मना अंगमाईन काय निंघस, माले काय माहीत."

म्हणजे ती घरात होती आणि लोकांनी तिला भूतबंगल्यात पाहिलं, म्हणून आपल्या अंगातून काहीतरी बाहेर जातं आणि लेकरांना बाधतं, हे तिनं स्वतःच खरं मानलं. हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, धुळ्याला सख्ख्या भावाकडं गेली, चार घरचं काम केलं, तुला शिकवलं, विसरली असेल. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

तर लिहितो. पातळ तुझ्या आईचंच. जांभळं, काठाला पिवळी बारीक चौकट. तुझे वडील अभिमनभाऊ वारल्यावर तिच्याकडं बाहेर नेसायला तेवढं एकच धड होतं. पदराला खिळ्यानं फाटलं म्हणून रफू करायला तिनं पंचमीला माझ्याकडं टाकलं. "भाऊ, दसराले देजो," म्हणाली. रफू मी दुसऱ्याच दिवशी केलं, घडी घालून पेटीत ठेवलं.

मंडळाच्या पोरांवर ढकललं ते खोटं होतं. बाहुलीला रोज पांढरी चादर असायची, आणि बाहुली माझ्याच हातात होती. अष्टमीपर्यंत गावातल्या पोरासोरांना चादर सवयीची झाली. आत शिरून "मामा, पाय थकले का?" असं मलाच विचारायची. धनसिंग म्हणाला, "रतिलालभाऊ, आता लोक हसू राह्यले, घाबरत नाही." ते मला लागलं. कोणाला न सांगता अष्टमीच्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मी चादर काढली आणि पेटीतलं पातळ काढून बाहुलीला नेसवलं.

इथं थांबता आलं असतं, पातळच तर होतं, असं म्हणता आलं असतं. पण मी शिंपी आहे. कपडा कोणाच्या अंगावर कसा बसतो ते माझ्या हाताला माहीत असतं. भिकुबाईचा डावा खांदा विहिरीचं पाणी ओढून ओढून खाली आला होता. मी बाहुलीच्या डाव्या खांद्यातला पेंढा काढला. पदर ती घ्यायची तसा कपाळापर्यंत ओढला. आणि टेप बंद करून पडद्यामागून मी स्वतः आवाज काढला. अभिमनभाऊ गेले तेव्हा ती अंगणात बसून ज्या आवाजात रडली होती, तो आवाज. नक्कल मला पहिल्यापासून जमायची. गावातल्या प्रत्येकाची करायचो, लोक पोट धरून हसायचे, तुझी आईसुद्धा. तिची मी तोवर केली नव्हती.

लोक घाबरले, नूतन. अशी पळापळ आठ दिवसांत झाली नव्हती. मला पडद्यामागं किती आनंद झाला ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. पायडल मारता मारता मी हसत होतो.

मग झुंबरबाईचा किरण आत बेशुद्ध पडला आणि आरडाओरडा झाला. सगळे त्याच्याकडं धावले. मी काय केलं? बाहुलीचं पातळ फेडलं, मशीनखाली कोंबलं, चादर परत गुंडाळली. आधी ते केलं, नंतर पोराकडं गेलो.

बाहेर लोक म्हणायला लागले, आत भिकुबाई होती, आम्ही डोळ्यांनी पाहिली. मंडळाची पोरं शपथेवर म्हणाली, "आमच्या बाहुलीले पांढरी चादर आहे, हे बघा." पोरं खोटं बोलत नव्हती, बघणारेही खोटं बोलत नव्हते. दोन्ही खऱ्यांची गाठ तुझ्या आईच्या गळ्यात बसली. डाकीण म्हणाले तिला. आज सोसायटीत लेकरं डाकीण होऊन चॉकलेटं मागतात. आपल्या गावात तो शब्द ज्या बाईला लागला तिच्या दारात कोणी पाणी पीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. पदर चेहऱ्यावर. विचारलं, "भाऊ, मनं पातळ कोठे शे?"

मी म्हटलं, "पेटीत आहे ताई. पंचमीपासून पेटीतच आहे."

आणि काढून दिलं. इस्त्री करून.

आज एवढंच.

रतिलाल


२३ नोव्हेंबर

नूतन,

तू काही लिहिलं नाहीस. तुझ्या जागी मीही लिहिलं नसतं. पण मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही, आणि चार दिवस जेवण गोड लागत नाही.

किरण कशानं पडला, ते मला ठाऊक आहे. तेव्हाही होतं.

भूतबंगल्यात धूर लागायचा. रोज मी गोवऱ्या आणि ऊद घालायचो. अष्टमीला गोवऱ्या ओल्या निघाल्या, पेटेनात. गोदामाच्या कोपऱ्यात धनसिंगची रिकामी पोती पडली होती. कपाशीवर मारायच्या पावडरीची. तीच फाडून मी घमेल्यात घातली. पांढराशुभ्र धूर निघाला. वास उग्र होता, मला वाटलं चांगलंच आहे, भुताला शोभेल. अर्ध्या तासात माझं डोकं गरगरायला लागलं, मागच्या दारी जाऊन मी ओकलो. चूळ भरली आणि परत पायडलवर बसलो.

किरण सहा वर्षांचा. तीनदा आत येऊन गेला होता, त्याला पडद्यामागचं गुपित बघायचं होतं. ताडपत्रीखाली शिरून तो बरोबर घमेल्याशेजारी दडून बसला. किती वेळ होता कोणास ठाऊक. तुझ्या आईच्या नजरेनं नाही, माझ्या धुरानं तो पडला.

त्याला आधी यावलला आणि मग जळगावला नेलं. जीपमध्ये मी होतो, त्याचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात, शेतात काही औषध फवारलं होतं का? पोराच्या पोटात, नाकात काही गेलं का?" झुंबरबाई म्हणाली, "नाही साहेब." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "नाही साहेब. भूतबंगल्यात घाबरला."

पोराच्या जिवाशी खेळलो. तो वाचला तो डॉक्टरांच्या हुशारीनं, माझ्या तोंडात तेव्हाही खरं आलं नाही. पाच दिवस दवाखान्यात होता. त्या पाच दिवसांत गावात काय झालं ते तू पाहिलंस, तू नऊ वर्षांची होतीस. झुंबरबाईनं दवाखान्यातून येऊन भर रस्त्यात तुझ्या आईचे केस धरले. तुमच्या दारात गुलाबाईला एक पोरगी आली नाही. भिकुबाईनं गुळाचे शंकरपाळे करून डब्यात भरून ठेवले होते, आणि तू उंबऱ्यावर बसून एकटीच तो डबा हलवत होतीस. मी समोरच्या दुकानातून बघत होतो. रस्ता ओलांडून यायचं होतं फक्त.

कोजागरीच्या सकाळी तुम्ही गाव सोडलंत. ट्रंक मी डोक्यावर घेऊन एस.टी.पर्यंत आणली. तुझी आई खिडकीतून म्हणाली, "ह्या गावमा तू एकच मना भाऊ." गाडी हलेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. तेवढ्यात तीन वाक्यं बोलून झाली असती.

मला येऊ दे. तिच्या तोंडावर सांगतो. शनिवारी, २९ तारखेला सकाळच्या गाडीनं निघतो. नको असेल तर योगेंद्रच्या फोनवर नुसतं 'नको' लिही, मी समजेन.

रतिलाल


१ डिसेंबर

चि. नूतन,

तू दार उघडलंस, त्याबद्दल काय म्हणू. मी सांगत असताना तू स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभी होतीस, ते बरं केलंस. तुझ्याकडं बघून मला बोलता आलं नसतं.

जे झालं ते तू ऐकलंस, तरी लिहितो, कारण येताना पूर्ण रस्ताभर मी तेच घोळवत होतो. मी तयारी करून आलो होतो. ती रडेल, चपला मारेल, हाकलेल. पाय धरायचे असंही ठरवलं होतं. आणि ती काय म्हणाली? "भाऊ, किती वाळना रे तू. चहा पी ले."

मी सगळं सांगितलं. पातळ, खांदा, आवाज, पोती, डॉक्टर. एकही टाका गाळला नाही. ती ऐकत होती, मध्येच बशीत चहा ओतून माझ्याकडं सरकवत होती. मी थांबलो तशी हसली.

"मनं मन राखाकरता बोली राहिना तू. तू पयलापासूनच असा शे."

मी म्हटलं, "ताई, शपथ घेतो."

"शपथ कसाले घेस? मी तुले तवयच इचारं व्हतं. तू सांगं, पेटीमा शे. तू माले खोटं सांगस नही. बठ्ठं गाव बोली राहिनं व्हतं, तू एकटा बोलना नही."

मी बोललो नाही हे तिच्या लेखी माझं मोठेपण झालं, नूतन. माझी मुकाट बसण्याची लाज तिनं माया म्हणून सदतीस वर्षं सांभाळली. ज्याच्यावर तिचा विश्वास, त्यानंच तेव्हा खोटं सांगितलं, म्हणून आज त्याचं खरं तिला खोटं वाटतं. मी काय करू?

मग आतून बाळ रडलं आणि ती उठून मागच्या ओट्यावर गेली. जाताना मला म्हणाली, "तू बठ, मी बाहेर शे."

तू मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आलीस आणि एवढंच बोललीस, "मामा, तिला तुमच्याकडून पटणार नाही." बरोबर आहे तुझं. ती गोष्ट तिच्याकडं माझ्या तोंडून गेली नव्हती. गावाच्या तोंडून गेली होती. तिथूनच परत आली पाहिजे.

गुरुवारी दत्तजयंती. हिरवखेड्याला भंडारा असतो, बाहेरगावी गेलेले सगळे येतात. मी जातो आहे. सूनबाई म्हणते, "आबा, या वयात गावासमोर नाक कापून घ्यायचं काय कारण?" योगेंद्रलाही ते पसंत नाही. त्याच्या बापाला गावात अजून मान आहे, लग्नाच्या पत्रिकेत नाव घालतात, त्याला वाईट वाटणारच.

रतिलाल


६ डिसेंबर

चि. नूतन,

सांगून आलो.

पंगती उठल्यावर दत्ताच्या पारावर बसायची आपल्या गावाची रीत तुला आठवत असेल. धनसिंग आता सरपंच नाही, पण माईक त्याच्याच घरचा. मी माईक मागितला तर तो खूश झाला. "रतिलालभाऊ, कोणाची नक्कल करतो? मास्तरांची कर!" मागून दोघे-चौघे ओरडले, "भूतबंगला सांगा, आबा! व्हिडिओत पाह्यला आम्ही!"

म्हणजे तिथंही पोचला होता. नातीनं खोडला, पण म्हणाली होती, "आबा, जो गेला तो गेला."

मी म्हटलं, भूतबंगलाच सांगतो. सांगायला लागलो तशी माणसं खाली सरकून बसली, पोरांना मांडीवर घेतलं. सुरुवातीला हसली. कंडक्टरच्या टोपीला हसलीच. मग मी म्हटलं, अष्टमीला चादर काढून मी भिकुबाईचं पातळ नेसवलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचं हसू जागीच राहिलं. तरुण पोरांना काही कळेना, ती आणखी थोडा वेळ हसत होती. त्यांना कोण भिकुबाई?

धनसिंगनं माझी बाही ओढली. "भाऊ, जाऊ द्या ना आता. जुनं झालं." मी म्हटलं, "धनसिंग, पोती तुझी होती, पण तुला न विचारता मी घेतली. तुझा दोष नाही. बस खाली." आणि पुरं सांगितलं. नक्कल न करता, माझ्या नुसत्या आवाजात. सत्तर-ऐंशी माणसं असतील. शेवटी म्हटलं, ती बाई घरात होती. तिच्यात काही नव्हतं. जे होतं ते माझ्यात होतं.

एकजण म्हणाला, "बरं झालं, मन हलकं झालं तुमचं." मला ते फार लागलं. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी उभा होतो का?

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं झुंबरबाई उठली. गुडघ्यांनी अधू झाली आहे, किरणच्या खांद्याला धरून आली. किरण आता बेचाळीस-त्रेचाळीसचा, केळीचा ट्रक चालवतो, माझ्यापेक्षा हातभर उंच. मला वाटलं हा मारणार, आणि मारावं असंही वाटलं. तो फक्त म्हणाला, "आबा, मले तर घमेलं आठवतं. नुसतं घमेलं. घरात कोणी मानलं नाही."

झुंबरबाईनं माझ्या तोंडात मारली. म्हाताऱ्या हाताची, पण लागली. मग पारावर मटकन बसली आणि सगळ्यांसमोर बोलली, ते मी जसंच्या तसं लिहितो:

"मले वास आला व्हता. पोराच्या सदऱ्याले फवारणीचा वास. मी दवाखान्यातून आणला अन् नदीवर धुतला. धुताना मले समजलं व्हतं. पण मी तिचे केस धरून बसली व्हती ना आधीच. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

बाया तिला गप्प करत होत्या. ती गप्प झाली नाही. मला म्हणाली, "धुळ्याची गाडी कितीले आहे? तुह्यावर तिनं भरोसा ठेवला, म्हणून तुह्यं ती मानणार नाही. मह्यावर तिचा भरोसा नव्हता. मह्यं ती मानीन."

किरण तिला घेऊन येतो आहे, रविवारी, १४ तारखेला. वाट मी दाखवणार. माझ्यासाठी दार उघडू नकोस. मी बोळात थांबेन. तिला मात्र आत घे, नूतन. तुझ्या आईचे केस जिनं धरले तिला घरात घे असं सांगायचा मला हक्क नाही, हे मला कळतं. तरी सांगतो.

रतिलाल


१५ डिसेंबर

चि. नूतन,

काल तुझ्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी समोरच्या लाँड्रीच्या ओट्यावर बसलो होतो. लाँड्रीवाल्यानं विचारलं, "बाबा, कोणाकडं आलात?" मी म्हटलं, कोणाकडं नाही.

अर्धा तास झाला. मग झुंबरबाईचं रडणं आलं. किरण बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला, रुमालानं मान पुसली. मी विचारलं, "काय म्हणाली?" तो म्हणाला, "आईनं सदऱ्याचं सांगितलं तशी त्या दोनदा म्हणाल्या, परत सांग. परत सांग. आईनं परत सांगितलं. मग मले म्हणाल्या, इकडं ये. माह्या तोंडावरून हात फिरवला. डोळे, नाक, सगळं. आणि मग विचारलं, तो कुठं आहे?"

मी उठून उभा राहिलो, तोवर ती दारात आली.

नूतन, तिचा असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. अभिमनभाऊ गेले तेव्हाचा मी चोरला होता, तो काहीच नाही. बोळातली दारं उघडली. लाँड्रीवाला इस्त्री उभी करून बाहेर आला.

"पेटीमा शे! माले सांगस पेटीमा शे! मेल्या, राखी बांधेल व्हती रे मी तुले! सदतीस वरीस! मनी पोरनी येनी मी घाली नही! तुना हात झडोत! चहा पेस मना घरमा बसीसन!"

तू तिला धरायला आलीस, तिनं तुझा हात झटकला. ज्योती बाळाला घेऊन मागं उभी होती. आवाजानं बाळ भेदरून रडायला लागलं. भिकुबाईनं माझ्यावरची नजर न काढता, शिवी न तोडता, हात मागं केले, ज्योतीकडून बाळ ओढून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि थोपटायला लागली. एका हातानं थोपटत होती आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडं करून माझ्या सात पिढ्या काढत होती. तिच्या लक्षातच आलं नाही. ज्योतीनं तोंडावर हात ठेवला. तू उंबऱ्यावर खाली बसलीस.

मी मान खाली घालून ऐकत राहिलो. मग ती म्हणाली, "चालता व्हय आठून. परत मना दारमा दिसना तर देख." तेव्हा मी निघालो. ते मी पाळणार आहे. येणार नाही, नमस्कारही पाठवणार नाही, आणि हे शेवटचं पत्र. तिला वाचून दाखवायचं की फाडायचं ते तू ठरव. किरण आणि झुंबरबाई मागून आले. त्यांना तू जेवू घालून पाठवलंस म्हणे.

बोळाच्या तोंडाशी पोचलो तरी तिचा आवाज येत होता. आज-उद्याही ती बोलत राहील, मधूनच, भाजी निवडताना, पाणी भरताना. सदतीस वर्षांचं आहे. शेजारीपाजारी काही म्हणाले तर म्हणू देत. दम लागला तर घोटभर पाणी दे आणि बोलू दे, मध्ये अडवू नकोस.

रतिलाल